बडग्या आणि मुख्य मुद्दा

आठवीच्या वर्गाला ‘विषय’ आणि ‘मुख्य मुद्दा’ यांतला फरक शिकवणं हे मराठीच्या शिक्षकाचं दरवर्षीचं दुखणं. व्याख्या वहीत असते, पाठही असते. अपठित उतारा समोर आला की मात्र दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर येतं.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात मी मुलांना मारबतीवर, म्हणजे ईडा पीडा घालवायला मिरवत नेऊन जाळतात त्या पुतळ्यावर, पानभर लिहायला सांगितलं. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, त्यामुळे सगळ्यांकडे सांगण्यासारखं होतं. बहुतेकांनी माहिती लिहिली: काळी मारबत १८८१ची, पिवळी १८८५ची, काळीचा संबंध इंग्रजांना साथ दिल्याचं म्हणतात त्या भोसल्यांच्या राणी बांकाबाईशी सांगतात, वगैरे. नीटनेटकं, पण कुणी लिहिलं ते कळू नये असं.

एका मुलाचं पान वेगळं होतं. त्यात पूर्णविराम एकच, तोही शेवटी. बांबूच्या कमच्या, चिकटवलेले कागद, बडग्याच्या (मारबतीसोबत निघणाऱ्या पुरुषी पुतळ्याच्या) गळ्यातली महागाईची पाटी, मावशीकडची पुरणपोळी, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ची आरोळी, सगळं एका दमात. त्याच्या घरी बडग्या बनतो, हे मला तिथेच कळलं.

त्याला विचारून ते पान मी फळ्यावर उतरवलं.

“विषय काय?”

“बडग्या,” वर्ग एका सुरात.

“आणि बडग्याबद्दल याला काय म्हणायचंय?”

कुणी बोलेना. लिहिणाराही मान खाली घालून बसला. मी थांबले. वर्गातली शांतता आपणच भरून काढायची घाई आम्हा शिक्षकांना फार असते, आणि मुलांचं बोलणं तिथेच राहून जातं.

मग तो उठला. “मॅडम, बडग्या बनवाले पंधरा-वीस दिवस लागते. जाळाले दहा मिनिटं नाही लागत. मंग बाबा दरसाली कायले बनवते?”

ते वाक्य त्याच्या पानात कुठेच नव्हतं, पण पानातली प्रत्येक गोष्ट त्याच्याकडेच चालली होती. मी ते त्याच्याच बोलीत फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं. प्रमाण भाषेत नंतर आणता येतं. आधी म्हणणं तर सापडू दे.

पुढचं काम वर्गानेच केलं. कमच्या, कागद, पाटी हे तपशील, कारण पंधरा-वीस दिवस कशात जातात ते त्यांनीच कळतं. आरोळीपासून नवा परिच्छेद, कारण तिथे बनवणं संपून जाळणं सुरू होतं. पुरणपोळीवरून जोरात वाद झाला. बहुतेक म्हणाले, काढा. मागच्या बाकावरची एक मुलगी हटून बसली: “बाबा काम सोडून मावशीकडे आलेच नाही, असं लिहिलं त्यानं. मंग पोळी राहू द्या ना.” तिचं बरोबर होतं. पोळी राहिली, फक्त जागा बदलली. इतकं बारकाईने वाचलेलं मी कृतिपत्रिकेच्या उत्तरात क्वचित पाहिलंय.

व्याख्या मी तासाच्या शेवटी सांगितल्या, दोन ओळींत. सारांशासाठी मजकूर एक तृतीयांशावर आणायचा, हेही तेव्हाच सांगितलं. वहीत उतरवून घ्या म्हणावं लागलं नाही.

आता अपठित उतारा दिला की प्रश्नांकडे वळण्याआधी मी तोंडीच विचारते: हा कशाबद्दल बोलून राहिला? अन् काय म्हणून राहिला? चुकतात अजूनही. पण दोन प्रश्नांना एकच उत्तर आता कुणी देत नाही.