खुराड्याच्या फटींतले गोचीड

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चार तलंगांचे तुरे पांढुरके पडले, तेव्हा जंतांच्या संशयाने मी त्यांना वावडिंगाचे चूर्ण चारत बसलो. दिवसा पंख उचलून पाहिले तर काहीच आढळत नव्हते. अखेर एका रात्री बॅटरी घेऊन खुराडे उघडले आणि बसण्याच्या दांडीवर, कोंबड्यांच्या पायांवर चपटे, तपकिरी गोचीड फिरताना दिसले.

हा कोंबड्यांवरचा मऊ गोचीड, म्हणजे आर्गस पर्सिकस. त्याची अळी काही दिवस पंखांखाली चिकटून राहते. परंतु मोठे गोचीड रात्री रक्त पिऊन पहाटेपूर्वी लाकडाच्या व भिंतीच्या फटींत परततात आणि रक्त न मिळताही वर्षाहून अधिक काळ तग धरतात. त्यांच्यामुळे केवळ रक्तक्षय होत नाही, तर स्पायरोकीटोसिस हा घातक तापही पसरतो. म्हणजे मी औषध कोंबडीच्या पोटात घालत होतो आणि शत्रू भिंतीत बसला होता.

त्यानंतर निंबोळी तेल वापरले. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून ते आधी साबणाच्या पाण्यात घोटून मग पातळ केले आणि कोंबड्या बाहेर काढून, फटी खरवडून, दांडीच्या खालच्या बाजूसह सगळीकडे फवारले. निंबोळीतील अझाडिरेक्टिन कोवळ्या गोचिडांची कात टाकण्याची क्रिया बिघडवते. मोठे गोचीड मात्र त्याने लगेच मरत नाहीत आणि अंडीही बहुधा वाचतात, त्यामुळे दर आठ-दहा दिवसांनी, तेही संध्याकाळी, फवारणी करावी लागली, कारण उन्हात हे द्रव्य लवकर निकामी होते. सर्वाधिक उपयोग, खरे सांगायचे तर, फटी चुन्याने बुजवल्याचा झाला.

उवांचे गणित उलटे आहे. त्यांचा सारा जन्म पिसांतच जातो, म्हणून तेथे उपाय अंगावरच हवा. कोंबड्यांच्या धुळीत लोळण्याच्या खड्ड्यात आम्ही चाळलेली राख आणि वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची भुकटी टाकतो. सीताफळाच्या बियांची पूड अधिक जहाल असते; पण ती डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करते, हे डोक्यातील उवांसाठी ती वापरणाऱ्या घरांना ठाऊक आहे. त्यामुळे ती मी खड्ड्यात टाकत नाही.

पोटातील जंतांसाठी पळसाच्या बिया आणि सुपारी यांची परंपरा जुनी आहे व त्यांत जंतांवर परिणाम करणारी द्रव्येही आहेत. तरीही प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंत मरणे निराळे आणि कोंबडीच्या आतड्यात मरणे निराळे; शिवाय सुपारीचे प्रमाण चुकले तर कोंबडीच दगावते.

पावसाळ्यात पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले, तर मात्र प्रयोग थांबवावेत. ती बहुधा कॉक्सिडिओसिसची रक्ती हगवण असते आणि तिचे परजीवी ओल्या तुसात एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. अशा वेळी लसूण सोलत न बसता पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अँप्रोलियम हे औषध पाण्यातून सुरू करावे, ओले तूस त्याच दिवशी काढावे आणि ताकदीसाठी म्हणून बी-१ जीवनसत्त्वाचे औषध सोबत देऊ नये, कारण अँप्रोलियम त्या जीवनसत्त्वाची नक्कल करूनच परजीवीला उपाशी ठेवते.