तायकिळा, निळी गोळी आणि माझा पहिला पेपर

मागे एका ऑगस्टात, आमच्या शाळेतल्या मुली तायकिळा म्हणजे टाकळा, असल्या पावसातल्या हिरव्या भाज्या किती खातात ह्यावरचा पेपर एका जर्नलला पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मेल, ॲक्सेप्टेड, फी भरा, सर्टिफिकेट लगेच देतो. आरोग्य, शिक्षण, वनस्पती, कॉमर्स सगळं एकाच जर्नलात छापतात ते. मी एवढी खूश झाले, घरी सगळ्यांना सांगितलं, आणि आठवड्याभराने कळलं की पेपरातला पहिलाच फोटो भलत्या झाडाचा आहे. म्हणजे तिकडे तो कुणी वाचलाच नव्हता. मग पेपर मागे घेतला आणि सगळं पहिल्यापासून केलं, ते कसं ते लिहिते, आमच्यासारख्या शाळेतल्या टीचरना हे कुणी सांगत नाही म्हणून.

मी गोव्यात सत्तरी तालुक्यात हायस्कूलात सायन्स शिकवते. दर आठवड्याला मुलींना लोहाची निळी गोळी द्यायचं काम माझ्याकडे आहे, 60 मिलिग्रॅम लोह असतं तिच्यात आणि सोबत फॉलिक ॲसिड. सकाळी काही न खाता आलेल्या मुलीला ती घेतली की मळमळतं, मग पुढच्या वेळी ती गोळी बाकाच्या फटीत सापडते. रागावून उपयोग नाही, खरंच त्रास होतो त्यांना. आणि प्रश्न लहान नाही, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये ॲनिमिया देशात 57 टक्के आणि आपल्या गोव्यात 39. मला वाटायचं पावसात इथे दारात एवढी हिरवी भाजी उगवते, तायकिळा, कुर्डू, तेरं म्हणजे रानटी अळू, मुली ती किती खातात ते तरी बघूया.

तर तो फोटो. मुलांनी आणलेल्या फांद्यांतली एक मी तायकिळा म्हणून लावली होती, पिवळं फूल, तशीच पानं. एका मुलीची आजी शाळेत आली होती, तिने टेबलावरची फांदी उचलली, पान बोटांत चुरलं, वास घेतला आणि म्हणाली, "बाये, हो तायकिळो न्हय." मी कॉलेजातल्या बॉटनीच्या मॅडमकडे धावले. त्यांनी पानं मोजायला लावली, तायकिळ्याला बहुतेक तीनच जोड्या, टोकाला गोल, आणि ह्याला पाच जोड्या, टोकदार, देठाच्या बुडाशी एक बारीक गाठ. कासविंदा होता तो. ह्याच्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावत होती, बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला गेला आणि नंतर लक्षात आलं की लिव्हर, स्नायू, मेंदू तिन्हीवर त्या बियांचा परिणाम होतोय. हे ऐकून माझे हातपाय गार पडले, मी हाच फोटो भाजी म्हणून छापायला दिला होता हो!

मॅडमनीच मग नमुने वाळवायला शिकवलं. फांदी पेपरात दाबायची, पावसाळ्यात पेपर रोज बदलायचे नाहीतर बुरशी येते, मग जाड कागदावर चिकटवून खाली तारीख, जागा, कुणी आणलं, लोक काय म्हणतात ते सगळं लिहायचं. वर्गात मुलांनी हे केलं ते कुठल्याही धड्यापेक्षा चांगलं झालं, आता पानं मोजल्याशिवाय कुणी नाव सांगत नाही.

दुसरी चूक परवानगीची. मी फक्त हेडमास्तरांची सही घेतली होती आणि बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिनही तपासायचा विचार होता. ओळखीच्या डॉक्टरांनी थांबवलं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची नियमावली आहे, मुलांवर संशोधन असेल तर पालकांची लेखी संमती लागते आणि 12 वर्षांवरच्या मुलाची स्वतःची लेखी तयारीही लागते, शिवाय संशोधनात कुणाला त्रास होणार नाही ना हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी. कमिटीने रक्ततपासणी प्रपोजलमधून वगळायलाच लावली, कारण हिमोग्लोबिन 12 च्या खाली, म्हणजे ॲनिमिया, निघालं तर त्या मुलीचं पुढे मी काय करणार ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बरोबर होतं त्यांचं. ह्यात चार महिने गेले.

तिसरी चूक प्रश्नाची, आणि ही मला सगळ्यात जास्त लागली. फॉर्मवर होतं, तुम्ही रानभाजी खाता का? अर्ध्याहून जास्त मुलींनी नाही लिहिलं. बी.एड.ची माझी एक मैत्रीण म्हणाली, अगं त्यांना रानभाजी शब्दच लागत नाही, घरी त्याला नुसती भाजी म्हणतात, आणि काहींना वाटत असणार रानातलं खातो म्हणजे गरीब. मग मी ताजी पानंच ताटात मांडून विचारलं, ही घरी होते का, कशी करतात? ज्या मुलीने नाही लिहिलं होतं तीच सांगत सुटली, आई तायकिळ्यात खोबरं घालते, तेऱ्याला आंबट आंबाडे हवेतच नाहीतर घसा खाजतो.

आता चांगल्या जर्नलात दिलाय, पाच महिने झाले, एकही पैसा मागितला नाही पण रिव्ह्यूअरने, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या जाणकाराने, तीन पानं प्रश्न पाठवलेत. एक तर फारच नेमका आहे: पानांतलं लोह अंगी थोडंच लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी, लिंबू पिळलं तर जास्त, आणि व्हिटॅमिन सी शिजताना जातं म्हणून लिंबू भाजी उतरवल्यावर पिळलं का शिजताना, हे विचारलंत का? नव्हतं विचारलं. म्हणून मिरगानंतर तायकिळा वर आला की त्याच घरांत परत जायचंय, ह्यावेळी स्वयंपाक चालू असताना, आणि त्या आजीला आधीच सांगून ठेवलंय की फांद्या पहिल्या तुम्ही बघायच्या.