‘कथा & कादंबऱ्या’ची लिंक: माझा अनुभव

आमच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी ऑनलाइन झाली, तेव्हा प्रत्येक विभागाची लिंक तयार करून सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडे आलं. प्रश्नचिन्हानंतर ‘विभाग=’ आणि पुढे विभागाचं नाव, एवढंच जोडायचं होतं. नाटक, चरित्र, प्रवासवर्णन बिनबोभाट उघडले. ‘कथा & कादंबऱ्या’ मात्र अडून बसला.

स्पेस आली की व्हॉट्सॲपच्या लेखी लिंक तिथेच संपते. शिवाय लिंकमध्ये & म्हणजे ‘इथून पुढची माहिती वेगळी’. त्यामुळे एक तर लिंक तुटायची, नाहीतर नुसत्या कथा दिसायच्या. २००५ सालच्या आरएफसी ३९८६ या वेब-पत्त्यांच्या नियमावलीनुसार रोमन अक्षरं, अंक आणि - . _ ~ ही चार चिन्हं कुठेही निर्धास्त वापरता येतात. बाकीच्या काही चिन्हांना लिंकमध्ये ठरलेली कामं आहेत. ती किंवा इतर अक्षरं मजकूर म्हणून न्यायची तर प्रत्येक बाइट (संगणक अक्षरं ज्या तुकड्यांत साठवतो तो एक तुकडा) % लावून लिहायचा. यालाच एनकोड करणं म्हणतात. स्पेसचं %२०, &चं %२६.

देवनागरीचा एकेक वर्ण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या रूढ पद्धतीत, तीन बाइटांचा, म्हणजे लिंकमध्ये नऊ चिन्हांचा. ‘क’ होतो %ई०%ए४%९५ (ई, ए रोमन समजा). काना, अनुस्वार, हलन्त वेगळे मोजायचे. ‘कादंबऱ्या’ एकटीच ८१ चिन्हं खाते. पहिली लिंक टाकल्यावर एका सभासदाने लगेच विचारलं, “काका, हा व्हायरस नाही ना?”

गूगल शीट्समध्ये एनकोडयूआरएल हे सूत्र आहे. ते फक्त नावाच्या रकान्यावर चालवायचं आणि मग त्याच्या आधी बाकीचा पत्ता जोडायचा. आख्खी लिंक त्यात घातली तर पत्त्यातले : / ? = सुद्धा बदलतात आणि हाती लिंक उरतच नाही. जावास्क्रिप्टवाल्यांनी यासाठी एनकोडयूआरआयकंपोनंट वापरावं; नुसतं एनकोडयूआरआय & ला हात लावत नाही. आणि हे एकदाच करायचं. लिंक लहान करून देणाऱ्या एका सेवेने आमची तयार लिंक पुन्हा एनकोड केली, प्रत्येक %चं %२५ झालं आणि पानावर शीर्षकाच्या जागी नुसते टक्के दिसू लागले. ती सेवा मी सोडून दिली.

एवढं झाल्यावर पान उघडलं, पण ‘एकही पुस्तक नाही’. लिंक डिकोड करून, म्हणजे पुन्हा अक्षरांत आणून पाहिली, तर ‘कादंबऱ्या’ अगदी शुद्ध! मग संकेतस्थळाच्या मेनूतली लिंक शेजारी ठेवली. त्यात याच शब्दाची ९० चिन्हं. सगळे वर्ण %ई० ने सुरू होत होते, मध्येच एक %ई२%८०%८डी. हा न दिसणारा जोडणारा वर्ण, झेडडब्ल्यूजे. ‘ऱ्या’तला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: थेट ऱ घेऊन हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि हा अदृश्य वर्ण. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन निराळे शब्द. यादी तीन-चार जणांनी आपापल्या कीबोर्डवरून भरलेली, तेव्हा हे होणारच.

अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची पद्धत, ‘र आणि नुक्ता’ यांचा ऱ करून देतं, पण झेडडब्ल्यूजेवाला प्रकार तसाच ठेवतं. त्यामुळे यादीभर शोधून-बदलून सगळीकडे थेट ऱ केला. ‘दऱ्याखोऱ्या’सारखी शीर्षकंही त्यात सुधारली. माझ्या मते मराठी यादी बनवताना हे काम लिंकांच्या आधी करावं.

संगणक विभागात ‘सी++’ शोधताना अधिकचिन्हांच्या जागी स्पेस येत होत्या. ती चिन्हं %२बी करून भागलं. कपाटांवर चिकटवायच्या क्यूआर कोडमध्ये मात्र नावांऐवजी विभाग क्रमांकच घातले. लिंक लांबली की ठिपके बारीक होतात, आणि आमचा प्रिंटर जुना आहे.