एलीयाला आधी भाकर मिळाली

आमच्या शाळेच्या वसतिगृहात संध्याकाळच्या प्रार्थनेला बाई बायबलमधली स्तोत्रसंहिता क्रमाने वाचून घेत. रोज एक स्तोत्र, पहिल्यापासून १५० व्यापर्यंत, आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून. आवडते स्तोत्र आधी घेऊ या म्हणून आम्ही कितीही गळ घातली तरी क्रम मोडायचा नाही. त्यामुळे ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे २३ वे स्तोत्र येण्याच्या आदल्या दिवशी २२ वे यायचेच. ते सुरू होते ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ या आक्रोशाने. घर सोडून आलेल्या आम्हा मुलींना त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. रात्री पांघरुणात जे मनात यायचे ते शास्त्रात आधीच लिहिलेले आहे, आणि ते देवासमोर मोठ्याने म्हणायला परवानगी आहे, हे मी या शाळेत शिकले. वधस्तंभावर येशूच्या ओठी हेच शब्द होते, हे पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानात वाचले तेव्हा अंगावर शहारा आला होता.

८८ वे स्तोत्र मला सगळ्यांत जास्त आठवते. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटाकडे वळण घेतात. रडणारा माणूस उपकारस्तुतीपर्यंत पोहोचतो. हे पोहोचत नाही. जिवाभावाची माणसे दुरावली आणि सोबतीला अंधार उरला, इथेच ते थांबते. बाईंनी ते वाचले, आमेन म्हटले आणि आम्हाला झोपायला पाठवले. वर गोड शब्दांची मलमपट्टी केली नाही. त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

कारण पुढे ती वेळ आली. पती गेले, मुले आपापल्या वाटेला लागली, आणि दिवस मावळला की घर अंगावर येऊ लागले. भेटायला येणारी माणसे मायेनेच म्हणायची, ‘देव आहे ना सोबतीला, मग एकटे कशाला वाटायचे?’ त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण हे म्हणणे मला शास्त्राला धरून वाटत नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्य एकटा असावा हे बरे नाही, असे देव स्वतःच म्हणतो. तेव्हा पाप जगात आलेले नव्हते, आणि आदामाचा देवाशी संबंध कुठेही तुटलेला नव्हता. तरीही देवाला त्याचे एकटेपण दिसले. मग विधवेला, परगावी राहणाऱ्या पोराला, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला एकटे वाटले तर त्यात विश्वासाची उणीव कशी काढायची?

त्या काळात मी बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय कितीदा वाचला असेल! कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांवर जिंकलेला देवाचा संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या भयाने रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला रागे भरत नाही, उपदेशही करत नाही. दूत येतो, भाकर आणि पाणी देतो आणि तो पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा खायला घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर शांत, मंद वाणी येते, त्यावर प्रवचने पुष्कळ ऐकली. पण मला धरून ठेवले ते त्याच्या पुढच्या भागाने. ‘मी एकटाच उरलो आहे’ असे एलीया दोनदा म्हणतो. देव त्याला काम देतो, अलीशा नावाचा सोबती देतो, आणि इस्राएलात बआलापुढे गुडघे न टेकलेले ७,००० लोक आहेत असे सांगतो. देवाच्या सांत्वनात भाकर, झोप, काम आणि माणसे हे सगळे येते.

माणसांची गरज सांगण्यात कमीपणा नाही, हेही मला तिथूनच उमगत गेले. गेथशेमाने बागेत येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ थांबून जागे राहायला सांगितले. ते झोपले. त्याने पुन्हा येऊन पाहिले. प्रेषित पौलाने तुरुंगातून आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेले दुसरे पत्र घ्या. देमास सोडून गेला आहे, जवळ फक्त लूक आहे. पहिल्या जबाबाच्या वेळी कोणी बाजूने उभे राहिले नाही, पण प्रभू उभा राहिला, असे पौल लिहितो. आणि त्याच अध्यायात तो तीमथ्याला लवकर ये, हिवाळ्यापूर्वी ये, त्रोवसात राहिलेला माझा झगा आण, पुस्तके आण असेही कळवतो. प्रभू जवळ आहे म्हणून त्याने झगा आणि मित्र मागायचे थांबवले नाही.

मीही मागू लागले. मंडळीतल्या एका बहिणीला म्हटले, संध्याकाळी येत जा, आपण एक स्तोत्र वाचू. ती येऊ लागली, मग आणखी दोघी आल्या. बाईंसारखेच आम्ही क्रमाने वाचतो. कोणाच्या दुःखाला जे स्तोत्र नेमके लागते ते त्याच दिवशी येईल असे नाही, पण दुसरीसाठी आलेले स्तोत्रही मग आपले होते. पतींची उणीव आजही आहे आणि ती राहणार. मात्र दिवस मावळायची भीती आता वाटत नाही. हे मी देवाचे देणे मानते.

शाळेच्या महोत्सवाच्या निमित्ताने तिच्याकडे एकच मागते. वसतिगृहातले हे वाचन चालू ठेवा, आणि लहान मुलींना जड जाईल म्हणून ८८ वे स्तोत्र गाळू नका. नव्याने आलेल्या मुलीलाही त्याची पाळी येईल तेव्हा ते ऐकू द्या. आणि वाचन झाले की तिच्याशेजारी झोपायला एखादी मोठी ताई द्या.