ईएसजीचा पैसा: आधी माणूस, मग घर, मग चेक

अमेरिकेत बेघरांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत तुम्ही केस मॅनेजर असाल, हिशेब बघत असाल किंवा संचालक मंडळावर असाल, तर ईएसजी हे नाव कानावर आलंच असेल. इमर्जन्सी सोल्युशन्स ग्रँट. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याकडून, म्हणजे हडकडून, हा पैसा राज्यं, शहरं आणि काउंट्यांना मिळतो आणि तिथून बहुतेक वेळा स्थानिक संस्थांकडे येतो. त्याचे नियम संघीय नियमावलीच्या शीर्षक २४, भाग ५७६ मध्ये आहेत. ते फार लांबलचक नाहीत. तरीही तपासणी झाली की संस्थांना पैसे परत भरावे लागतात, आणि तेही अफरातफर न करता. मदत खऱ्या गरजूलाच मिळालेली असते, पण चुकीच्या शीर्षाखाली, चुकीच्या घरासाठी किंवा कागद पुरे व्हायच्या आधी. परत भरलेला प्रत्येक डॉलर पुढच्या कुटुंबाच्या भाड्यातून जातो. म्हणून क्रम पक्का हवा: आधी माणूस पात्र ठरवा, मग घर, मग करार करा आणि चेक सगळ्यात शेवटी.

माणूस पात्र ठरवताना पहिला प्रश्न असा की तो कोणत्या दारातून येतोय. प्रतिबंधाचं दार घर जाण्याच्या बेतात असलेल्यांसाठी आहे, आणि पुनर्वसनाचं, म्हणजे रॅपिड रीहाउसिंगचं दार घर गेलेल्यांसाठी. दोन्हीकडे मिळणारी मदत जवळपास सारखीच असते, त्यामुळे फाइल कुठे टाकली याने काय फरक पडतो असं वाटतं. फरक मोठा आहे.

प्रतिबंधासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न त्या भागाच्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी असावं लागतं. इथे दोन सापळे आहेत. पहिला जुन्या फॉर्मचा. २००९ च्या आर्थिक मंदीत १.५ अब्ज डॉलरचा एचपीआरपी हा जो बेघरपणा रोखण्याचा आणि पुनर्वसनाचा कार्यक्रम आला, त्यात ही मर्यादा ५० टक्के होती. २०२० मध्ये कोविडसाठी ईएसजीला ४ अब्ज डॉलर मिळाले तेव्हाही ती ५० टक्के केली गेली. नेहमीच्या अनुदानात मात्र ३० टक्केच. त्या काळातले फॉर्म अजून एखाद्या फोल्डरमध्ये पडून असतील तर ते आजच काढून टाका. दुसरा सापळा तक्त्याचा. सेक्शन ८ साठी, म्हणजे सरकारी भाडे-व्हाउचरसाठी, ‘अत्यल्प उत्पन्न’ नावाचा जो रकाना असतो, त्यात ३० टक्के आणि दारिद्र्यरेषा यांतला मोठा आकडा धरतात. तो इथे चालत नाही. ईएसजीसाठी हड ३० टक्क्यांचा वेगळा तक्ता देतं, तोच फाइलला लावायचा. मोठ्या कुटुंबांच्या बाबतीत या दोन आकड्यांत बरीच तफावत असू शकते.

उत्पन्न बसलं तरी काम संपत नाही. मदतीला धावून येईल असं नातेवाइकांचं, मित्रांचं जाळं नाही आणि जवळ पुरेसा पैसाही नाही, हे दाखवावं लागतं. शिवाय धोक्याची एखादी ठरावीक खूण हवी: अर्जाच्या आधीच्या ६० दिवसांत आर्थिक कारणाने दोन किंवा अधिक वेळा घर बदललेलं असणं, पैशाच्या अडचणीमुळे दुसऱ्याच्या घरी राहणं, स्वतःच्या खर्चाने मोटेलमध्ये राहणं, अर्जाच्या तारखेपासून २१ दिवसांत घर सोडावं लागेल अशी लेखी नोटीस असणं, किंवा एका खोलीमागे दीडपेक्षा जास्त माणसं अशी दाटी. यादी याहून थोडी मोठी आहे, पण रोजच्या कामात बहुधा याच खुणा लागतात. शेजारच्या सगळ्यांना घरमालक तोंडी काय म्हणाला हे ठाऊक असलं, तरी २१ दिवसांच्या खुणेला कागदच लागतो. मात्र तेच कुटुंब आधीच मावशीच्या हॉलमध्ये झोपत असेल तर ते दुसऱ्याच्या घरी राहण्याच्या खुणेत बसतं, तिथे नोटीस मागत बसू नका.

नोटिशीच्या या तरतुदीबद्दल मला वाईट वाटतं, हे सांगून टाकतो. कुटुंबं मदत मागतात ती पहिलं भाडं चुकल्यावर, तेव्हा घाबरलेली असतात पण सावरण्यासारखी असतात. नियम त्यांना नोटीस हातात पडेपर्यंत थांबायला लावतो, आणि तोवर थकबाकी तिप्पट झालेली असते. नियम वाकवता येत नाही, पण अशा फोनला नुसतं ‘बसत नाही’ म्हणून ठेवू नये. ईएसजीमध्ये न बसणाऱ्यांसाठी देणग्यांतून उभा केलेला छोटासा निधी प्रत्येक संस्थेकडे हवा.

पुनर्वसनाच्या दारात सुरुवातीला उत्पन्नाची अट नाही. माणूस रस्त्यावर, गाडीत, शेल्टरमध्ये किंवा राहण्यासाठी नसलेल्या जागेत झोपत असला की झालं. कौटुंबिक हिंसेतून पळून अशा ठिकाणी आलेलेही यात येतात. इथला सगळ्यात नाजूक प्रश्न मोटेलचा. खोलीचे पैसे एखादी धर्मादाय संस्था किंवा सरकारी कार्यक्रम भरत असेल तर तो माणूस बेघर धरला जातो आणि पुनर्वसनाला पात्र ठरतो. स्वतः भरत असेल तर तो प्रतिबंधाच्या दारात जातो, मग ३० टक्क्यांची अट आलीच. खोली तीच, पलंग तोच, पण पावतीवर नाव कोणाचं यावर दार ठरतं. म्हणून ती पावती पहिल्याच दिवशी फाइलला लावा. हॉस्पिटल किंवा तुरुंगातून बाहेर पडणाऱ्याचंही असंच: मुक्काम ९० दिवस किंवा कमी आणि त्याआधी तो रस्त्यावर वा शेल्टरमध्ये असेल, तर तो बेघरच राहतो.

पुराव्याचाही क्रम ठरलेला आहे. आधी तिसऱ्या पक्षाचा कागद, तो नसेल तर नोंद घेणाऱ्या कर्मचाऱ्याने स्वतः पाहिलेलं, आणि दोन्ही नसेल तर अर्जदाराचं स्वतःचं सहीनिशी निवेदन. खालच्या पायरीवर उतरताना वरचा कागद मिळवायला काय प्रयत्न केले ते लिहावं लागतं, आणि नेमकी हीच ओळ फाइलीत नसते. याउलट शेल्टरच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला कागद नाही म्हणून परत पाठवणं हाही नियमभंगच. ही कडक शिस्त भाड्याच्या पैशासाठी आहे, एका रात्रीच्या निवाऱ्यासाठी नाही.

आता घर. सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. भाडेमदत द्यायची तर घराचं भाडं दोन कसोट्यांना उतरलं पाहिजे: हडने जाहीर केलेलं फेअर मार्केट रेंट, म्हणजे त्या भागासाठी ठरवलेला भाड्याचा आकडा, आणि आसपासच्या तशाच, अनुदान नसलेल्या घरांच्या तुलनेत ते वाजवी आहे का. दोन्हींतला जो आकडा कमी, तो छत. आणि तपासायचं ते भाडेकरारावरचं नुसतं भाडं नव्हे. भाडेकरू वीज, गॅस, पाणी वेगळं भरत असेल तर स्थानिक हाउसिंग अथॉरिटीच्या (सरकारी घरं आणि भाडेमदत बघणाऱ्या यंत्रणेच्या) तक्त्यातला युटिलिटी अलाउन्स, म्हणजे या बिलांसाठी ठरवलेली रक्कम, त्यात मिळवायचा, शिवाय करारानुसार राहण्यासाठी सक्तीची कुठलीही फी. उशिराचा दंड आणि पाळीव प्राण्याचं डिपॉझिट तेवढं वगळायचं. समजा फेअर मार्केट रेंट १,५०० डॉलर आहे, करारात भाडं १,४२० आणि युटिलिटी अलाउन्स ११० आहे. बेरीज १,५३०. घर बाद. ‘वरचे ३० डॉलर आम्ही भरू’ असं कुटुंब म्हणालं तरी ते घर बसत नाही, भाड्याचा कुठलाच भाग ईएसजीतून देता येत नाही. मात्र त्याच कुटुंबाला नियमात बसणाऱ्या दुसऱ्या घरात हलवायला हाच पैसा वापरता येतो, आणि बऱ्याचदा तोच खरा मार्ग असतो.

घराची प्रत्यक्ष पाहणीही चेकच्या आधी करायची: बांधकाम, जागा, हवा, पाणी, शौचालय, गरम ठेवण्याची सोय, वीज, धूर ओळखणारा अलार्म. १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहणार असेल तर शिशाच्या रंगाची तपासणी वेगळी. एक अलार्म बसवायला दहा मिनिटं लागतात. तो नसताना घर पास केलं, तर पूर्ण भाडं नामंजूर होऊ शकतं. पाहणीच्या कागदावर तारीख घाला, आणि ती भाडं सुरू होण्याच्या आधीची असू द्या.

त्यानंतर दोन वेगळे करार लागतात. एक भाडेकरू आणि मालक यांच्यातला लेखी भाडेकरार, दुसरा संस्था आणि मालक यांच्यातला भाडेमदत करार. दुसरा हटकून राहतो, कारण मालकाला वाटतं एक सही झाली की पुरे. पैसा फक्त अशा करारातल्या मालकाला जातो, भाडेकरूच्या हातात कधीच नाही. या करारात मालकाने बेदखलीची नोटीस किंवा कोर्टाची तक्रार दिली तर त्याची प्रत संस्थेलाही द्यायची, असं कलम असतं. ते मालकाला वाचून दाखवा, ती प्रत वेळेवर आली तर घर वाचू शकतं. आणि भाडं संस्थेकडून उशिरा गेलं तर दंड संस्थेचा, तोही ईएसजीबाहेरच्या पैशातून.

भाडेमदत कोणत्याही ३ वर्षांत जास्तीत जास्त २४ महिने. यात मागची थकबाकी मोजली जाते, आणि शेवटच्या महिन्याचं आगाऊ भाडंही. थकबाकी एकदाच, ६ महिन्यांपर्यंत, तिच्यावरच्या उशिराच्या दंडासकट. म्हणजे पाच महिन्यांची थकबाकी भरली तर पुढे एकोणीसच महिने उरतात. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याएवढं देता येतं, ते या मोजणीत येत नाही. वीज-गॅसची बिलं २४ महिन्यांपर्यंत, त्यात ६ महिन्यांची थकबाकी. सामान हलवणं आणि ३ महिन्यांपर्यंत गोदामाचं भाडं चालतं, गोदामाची थकबाकी नाही. गृहकर्जाचे हप्ते चालत नाहीत. क्रेडिट सुधारायला सल्ला देता येतो, कर्ज फेडता येत नाही. वकिलाची मदत बेदखलीच्या खटल्यासाठी चालते, इमिग्रेशनच्या कामासाठी नाही.

दुसऱ्या सरकारी भाडेमदतीवर हीच मदत चढवता येत नाही. व्हाउचर असलेल्या कुटुंबाला फक्त त्यांच्या स्वतःच्या वाट्याच्या भाड्याची थकबाकी एकदा देता येते. मंजुरीच्या आधी हाउसिंग अथॉरिटीला एक फोन करणं एवढ्यासाठीच.

मदत सुरू झाली की महिन्यातून किमान एक भेट केस मॅनेजरशी, आणि मदत थांबल्यावर घर कसं टिकवणार याचा आराखडा. फेरतपासणी प्रतिबंधात दर ३ महिन्यांनी, पुनर्वसनात वर्षातून एकदा. इथे पुनर्वसनवाल्यांनाही पहिल्यांदा उत्पन्नाची अट लागते: ३० टक्क्यांच्या वर नको. नोकरी लागल्यामुळे मदत तुटू शकते हे कुटुंबाला पहिल्या दिवशीच सांगा, अकराव्या महिन्यात नव्हे. नियम मोडल्यावर मदत बंद करायची झाली तरी लेखी नोटीस, बाजू मांडायची संधी, आणि मूळ निर्णय न घेतलेल्या व्यक्तीकडून फेरविचार, एवढं द्यावंच लागतं.

हिशेबाच्या बाजूने थोडक्यात. प्रशासनाला अनुदानाच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच. रस्त्यावरचं काम आणि शेल्टर मिळून ६० टक्के, किंवा २०१० मध्ये बेघरांच्या मदतीसाठी ठरलेली रक्कम, यांत जी जास्त ती मर्यादा. हडने करारावर सही केल्यापासून २४ महिन्यांत सगळा खर्च व्हायला हवा, आणि तिमाहीतून किमान एकदा पैसे उचलले गेले पाहिजेत. उचल शेवटच्या सहा महिन्यांवर ढकलली की केस मॅनेजर पात्र कुटुंबांऐवजी खर्च शोधायला लागतात, आणि घाईत वरच्या सगळ्या चुका होतात.

मॅचिंग, म्हणजे अनुदानाच्या जोडीला आपल्या बाजूने घालायचा वाटा, डॉलरला डॉलर लागतं. राज्यांना पहिल्या १ लाख डॉलरवर सूट आहे. रोख, वस्तू, स्वयंसेवकांचे तास, सगळं चालतं, पण तो खर्च ईएसजीच्या नियमात बसणाराच हवा आणि करारानंतरचा हवा. एकच देणगी दोन अनुदानांच्या मॅचमध्ये दाखवली की दोन्हीकडे प्रश्न उभा राहतो. प्रत्येक देणगीच्या नोंदीशेजारी कोणत्या अनुदानासाठी वापरली हा एक रकाना ठेवला की हे टळतं. भाडेकरू घर सोडून गेला आणि डिपॉझिट मालकाने संस्थेला परत केलं, तर ते कार्यक्रमाचं उत्पन्न. ते सर्वसाधारण खात्यात जमा करू नका. त्यातून केलेला पात्र खर्च मॅचमध्येही धरता येतो. आणि फाइली ५ वर्षं जपायच्या, मात्र ती मोजणी केस बंद झाल्याच्या दिवसापासून होत नाही. त्या कुटुंबाला ज्या अनुदानातून मदत दिली त्याचा शेवटचा डॉलर खर्च झाल्यापासून होते.