तीस मिनिटांत आजोबांचा मोदक

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गणपतीतले कार्यक्रम ठरलेले असतात: चित्रकला, पाककला, अंताक्षरी आणि बक्षीस समारंभात लांबलेली भाषणं. गेल्या वर्षीच्या मीटिंगमध्ये पोरांनी एस्केप रूमचा, म्हणजे खोलीत शिरून ठरलेल्या वेळात कोडी सोडवत कुलपं उघडायच्या खेळाचा हट्ट धरला. ‘तुम्ही जाता ना तसल्या ठिकाणी,’ असं म्हणत सगळ्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं.

जातो हे खरं. पुण्यात या खेळाला आता बऱ्यापैकी गर्दी असते, शनिवार-रविवारी तर आधी बुकिंग केल्याशिवाय गत नाही. पण तासभर कोंडून घ्यायचे पैसे मोजून हिरमुसलं होऊन बाहेर पडायचा अनुभवही गाठीशी आहे. एका ठिकाणी आम्ही आत गेलो तर एक कप्पा आधीच उघडा. आधीच्या ग्रुपनंतर खोली पुन्हा नीट लावलीच नव्हती. अदृश्य शाईतलं लिखाण वाचायला दिलेल्या जांभळ्या टॉर्चचे सेल बसलेले, त्यामुळे भिंतीला नाक लावून एकेक अक्षर हुडकावं लागलं. अडलं की सूचना द्यायला बाहेर बसवलेला मुलगा वॉकीटॉकीवर बराच वेळ बोलेना आणि बोलला तो थेट कुलपाचा आकडा सांगून मोकळा झाला. कुलूप उघडलं, पण आमच्यातल्या कुणाचाही चेहरा फुलला नाही. भिंतीवर कवट्या, स्पीकरवर किंकाळ्या, सगळं होतं. घाबरवणं सोपं असतं हो, दिवे घालवले की झालं.

उलट मला आवडलेली खोली दिसायला अगदी साधी होती. टेबल, टाइपरायटर, फोन, भिंतीवर नकाशा. पण जे होतं ते कशासाठी तरी होतं, आणि प्रत्येक उत्तर सापडल्यावर ‘अरे, हे तर समोरच होतं की!’ असं कुणीतरी ओरडायचं. उत्तर कळल्यावरही ‘हे आम्हाला कसं सुचणार होतं?’ असं वाटलं, तर ते कोडं नापास. सोसायटीची खोली करताना मी एवढंच धरून चाललो.

क्लबहाऊसमधली कॅरमची खोली मिळाली. गोष्ट सोपी ठेवली: आजोबांनी चांदीचा मोदक कुठेतरी ठेवलाय, आरतीच्या आत शोधायचा, वेळ तीस मिनिटं. घराघरांतून सामान गोळा झालं. लोखंडी ट्रंक, चावीचं घड्याळ, पानाचा डबा, जुनी अंकलिपी, ग्रुप फोटो. कुलपं आणायला बोहरी आळीत गेलो. आकडी कुलपं हवीत म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, ‘उघडणारी की न उघडणारी?’ प्रश्न रास्त होता. स्वस्तातलं आकडी कुलूप कडी ताणून धरत चकत्या फिरवल्या की हाताला लागतं, आणि आमच्या पोरांनी घरच्या घरी ते पाच मिनिटांत शोधून काढलं. मग जरा महागातली घेतली.

ट्रंकेला दोन कड्या, दोन कुलपं. पहिल्याचा आकडा दुधाच्या हिशोबात. भिंतीवर कालनिर्णय टांगलं, रोज एक लिटर लिहिलं आणि ३, ७ आणि १२ तारखेला खाडा मांडला. झालं, ३७१२. ट्रंकेवर ‘दूध न आलेले दिवस आठवा’ एवढीच चिठ्ठी. दुसऱ्याचा आकडा वाण्याच्या जुन्या बिलात: गूळ ६ आणे, चहा ९ आणे, तेल ११ आणे. बेरीज २६ आणे, म्हणजे १ रुपया १० आणे, कुलूप ११०.

चाचणीला आधी आयटीवाली मंडळी बसवली. खाडे त्यांनी झटक्यात ओळखले, पण बिलाशी जी झोंबाझोंबी केली ती बघण्यासारखी होती. एकाने २६ला सव्वासहाने गुणून आजचे पैसे काढले, दुसरा ‘०२६ लावून बघू’ म्हणत राहिला. रुपयाचे सोळा आणे १ एप्रिल १९५७ला गेले आणि शंभर नवे पैसे आले. त्यानंतर जन्मलेल्याने ते कुठून आणायचं? तळमजल्यावरच्या आजींनी तेच बिल चष्मा न लावता सोडवलं. कोडं वाईट नव्हतं, पण ते सोडवायला लागणारी माहिती खोलीत नव्हती. अंकलिपीच्या शेवटच्या पानावर नाण्यांचा तक्ता चिकटवला आणि अंकलिपी बिलाशेजारीच ठेवली. तेवढ्याने काम झालं. खोलीबाहेरचं ज्ञान लागलं की ती परीक्षा होते, आणि परीक्षा द्यायला कुणी गणपतीत येत नाही.

दोन कुलपं मुद्दाम एकाच वेळी सोडवता येतील अशी ठेवली होती. कोडी एकामागे एक असली की सर्वांत चलाख माणूस कागद धरून उभा राहतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावतात. म्हणून ग्रुपही पाच जणांचाच केला. ‘आमचं अख्खं कुटुंब नऊ जणांचं आहे,’ म्हणून एक काका भांडले, पण मी बधलो नाही. नऊ जणांत चार जण मोबाइलची आठवण काढत बसतात.

मोबाइल बाहेर ठेवायला लावल्यावर लोक काय काय उचकतात ते कळलं. हा खेळ मुळात कॉम्प्युटरवरचा. २००७ साली जपानच्या ताकाओ कातो यांनी क्योटोत तो खऱ्या खोलीत आणला. स्क्रीनवर दिसेल तिथे क्लिक केलं तर बिघडत काही नाही, इथे लोक पंख्याचा रेग्युलेटर उपटायला निघतात. आमच्या एका ग्रुपने स्विचबोर्डाचा स्क्रू नाण्याने अर्धा काढला होता. मग खेळात नसलेल्या प्रत्येक गोष्टीवर लाल टिकली लावली.

दाराला मात्र कुलूप नाही, नुसतं लोटलेलं. चेअरमन म्हणाले, मग थरार काय राहिला? मी त्यांना पोलंडमधल्या कोशालिनचं सांगितलं. जानेवारी २०१९मध्ये तिथल्या एस्केप रूममध्ये आग लागली आणि वाढदिवसाला आलेल्या पाच मुली, सगळ्या पंधरा वर्षांच्या, बाहेर पडू न शकल्याने गेल्या. पुढे कुणी थराराचं नाव काढलं नाही. तेव्हापासून पैसे भरून खेळायला गेलो तरी दार आतून कसं उघडतं हे मी आधी विचारतो. नीट उत्तर न देता हसण्यावारी नेलं तर सरळ परत फिरतो.

सगळ्यात भाव खाल्ला तो बी विंगच्या काकूंनी. आत टेकवून ठेवलेल्या फोनवर व्हिडिओ कॉल, बाहेर खुर्ची टाकून काकू. मदत मागितली की लगेच द्यायच्या नाहीत. लोक एकच ड्रॉवर पुन्हा पुन्हा उघडायला लागले की मगच बोलायच्या, आणि तेही प्रश्नातच: ‘या घरात दूध रोज येतं का हो?’ आतले गप्प, मग एकदम गलका. आकडा त्यांनी एकदाही सांगितला नाही. पैसे घेऊन खेळ चालवणाऱ्यांनी काकूंकडे आठवडाभर शिकाऊ म्हणून राहावं.

वेळ संपलेल्यांनाही आम्ही तसंच हाकललं नाही, उरलेलं दाखवूनच सोडलं. अपवाद शेवटच्या ग्रुप फोटोच्या कोड्याचा. ते इथेही सांगत नाही, यंदा पुन्हा वापरायचंय.

आजी मंडळींचा ग्रुप मोदक घेऊनच बाहेर आला, पण तक्रारीसकट. ‘खाड्याला फुली कोण मारतं? शून्य मांडतात.’ ही दुरुस्ती करायची तशीही वेळ आलीच. दुसऱ्या दिवशी कळलं, की सी विंगच्या पोरांनी ए विंगच्या पोरांना एका मँगो कुल्फीच्या बदल्यात ३७१२ विकलाय. रात्री कालनिर्णयाचं पान बदललं, खाडे वेगळ्या तारखांना मांडले, शून्याने. ए विंगची पोरं संध्याकाळी आत गेली, ट्रंकेशी बराच वेळ झटली आणि बाहेर येऊन माझ्याकडे कुल्फीचे पैसे मागायला लागली.