आठ की दहा?

आईसाठी पक्षी बघायला दुर्बीण घ्यायची आहे. महिनाभर ठरत नव्हतं, आज भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीत बसले आणि ठरलं.

मैत्रिणीची १०×५० मागून नेली होती, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगाची रुंदी ५० मिलिमीटर. मोठं दिसतं तीच चांगली, असं मला वाटायचं. पण होडी डुलली की दहापट मोठं झालेलं चित्रही तसंच डुलतं. समोर पट्टकादंबांचा थवा, आणि मला नुसते राखाडी ठिपके नाचताना दिसत होते. शेजारच्या काकांनी त्यांची ८×४२ पुढे केली, "ही बघ जरा." डोळ्याला लावली आणि चित्र स्थिरावलं. पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे, पिवळ्या चोचीच्या टोकावरचा काळा ठिपका... इतकं स्वच्छ! हे पक्षी हिमालय ओलांडून येतात, हे पुस्तकात किती वेळा वाचलं होतं.

काकांनी हिशोबही सांगितला. ४२ भागिले ८, म्हणजे साधारण सव्वापाच मिलिमीटर रुंदीचा प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये तो जेमतेम अडीच, म्हणून पहाटे तिच्यातून अंधुक दिसतं.

आईला चष्मा आहे, त्यामुळे आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिलिमीटरच्या वर हवं. हे दुकानात मला कुणीच विचारलं नव्हतं. आता तिलाच घेऊन जाणार, चष्म्यासकट. मान दुखते तिची, वजनही तिनेच गळ्यात अडकवून बघायचं.

थंडी सरायच्या आत तिला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवायचे आहेत.